कमी बजेटमध्ये पर्यावरणपूरक शाळा बांधायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की यवतमाळकडे आठ वर्गांची शाळा बांधायचीय, पैसे मोजके आहेत आणि ट्रस्टी म्हणतायत आधी सोलर बसवू. मी सिव्हिलवाला आहे, माझ्या मते सोलर शेवटी. एका वर्गात चार पंखे धरले तर 32 होतात, साधा पंखा 75 वॅट खातो, बीएलडीसी म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा 30 च्या आसपास, म्हणजे 2400 वॅटचा लोड नुसते पंखे बदलून हजारावर येतो. त्यात वर्ग मुळात कमी तापला तर पॅनल आणखी कमी लागतील, मग आधीच कशाला घेऊन ठेवायचे?

इमारत पूर्व-पश्चिम लांबट ठेवा, म्हणजे लांब भिंती उत्तर-दक्षिणेला येतात. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन आडवं घुसतं, त्याला छज्जा पुरत नाही, त्या टोकाला जिना, स्टोअर असलं काहीतरी टाका, वर्ग नको. दक्षिणेला व्हरांडा दिला की तिकडचं ऊन अडतं. खिडक्या समोरासमोर, आणि वर छताजवळ झरोके हवेतच, गरम हवा वरच साचते आणि चाळीस पोरं दारं-खिडक्या लावून बसली की तासाभरात डुलक्या सुरू, त्यात पोरांचा काय दोष.

आता छप्पर, खरा खेळ इथेच. बुर्किना फासोमध्ये गान्दो नावाचं गाव आहे, उन्हाळा आपल्या विदर्भासारखाच. तिथल्याच फ्रान्सिस केरे या आर्किटेक्टनी 2001 मध्ये गावकऱ्यांना हाताशी धरून शाळा बांधली. मातीत थोडं सिमेंट घालून विटा पाडल्या, त्याच विटांचं फटी ठेवलेलं सिलिंग केलं, आणि पत्रा त्याच्या बराच वर उचलून बसवला. पत्रा तापतो, पण मधल्या मोकळ्या जागेतून वारा ती गरमी घेऊन जातो आणि वर्गातली गरम हवा फटींतून वर निघते. याच केरेंना 2022 ला प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्चरमधलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. आपल्याकडे पत्रा थेट पोरांच्या डोक्यावर ठोकतात आणि मग कूलर शोधत फिरतात!

स्लॅबच टाकणार असाल तर फिलर स्लॅब विचारा, खालच्या भागातल्या थोड्या काँक्रीटच्या जागी जुनी मंगलोरी कौलं बसतात, सिमेंट वाचतं. पण डिझाइन इंजिनिअरकडूनच करून घ्या, मिस्त्रीच्या अंदाजावर नको. वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे फुटक्या टाइल्सचे तुकडे, बसवा. ‘सिमेंटचा पत्रा’ म्हणून मिळतो त्यात बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, सगळ्या प्रकारच्या अ‍ॅस्बेस्टॉसने कॅन्सर होतो असं डब्ल्यूएचओ स्पष्ट सांगते, तो स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. रंग लेड-फ्री, म्हणजे शिसं नसलेला.

पाण्याचं गणित सोपंय, 100 चौरस मीटर छपरावर 900 मिमी पाऊस म्हणजे 90 हजार लिटर, वाया जाणारं सोडून 70 हजार तरी हातात येतं. टाकीत घ्या. जास्तीचं जिरवायचं तर शोषखड्डा पायापासून लांब काढा, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि भिंतींना तडे जातात.

आणि खिचडीचं किचन प्लॅनवर कुठे दाखवलंय ते आजच बघा. तुमच्याकडे वारा बराच काळ पश्चिमेकडून असतो, किचन त्या बाजूला असेल तर चुलीचा सगळा धूर वर्गात, पूर्वेच्या टोकाला हलवा, कागदावर आहे तोवर फुकटात होतं.