मल्डर-स्कलीची 'केमिस्ट्री' मराठीत कशी सांगावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'द एक्स-फाइल्स' या विज्ञानकथा मालिकेवर मराठीत लिहिताना मल्डर आणि स्कली या नायक-नायिकेमधल्या 'केमिस्ट्री'ला काय म्हणावं? 'रसायन' चालेल का? आणि या दोघांची जोडी व्हावी म्हणून हिरिरीने वाद घालणाऱ्या चाहत्यांना, म्हणजे 'शिपर' मंडळींना, मराठीत काही शब्द आहे का?

आधी 'रसायन' बाजूला ठेवू या. मराठीत रसायन हे एका माणसाचं असतं. 'हा माणूस म्हणजे अजब रसायन आहे' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या एकाच स्वभावात नाना गुणदोष मिसळलेले आहेत असं सांगायचं असतं. आयुर्वेदातलं रसायन तर शरीराला बळ देणारं औषध. च्यवनप्राश हे त्याचं घरोघरी माहीत असलेलं उदाहरण. 'दोघांमधलं रसायन' हे परीक्षणांत अधूनमधून दिसतं, पण बोलताना ते कुणाच्याच तोंडी नाही. तेव्हा 'केमिस्ट्री' हाच शब्द खुशाल वापरा. नाटक-सिनेमा-मालिकांबद्दल बोलताना तो मराठीत कधीच रुळला आहे.

पण आपल्याकडे इतके शब्द असताना उसना शब्द कशाला, ही शंका रास्त आहे. सूत जुळणं, जमणं, मेतकूट जमणं, गूळपीठ असणं, गट्टी असणं... यादी मोठी आहे. अडचण अशी की यातला प्रत्येक शब्द निकाल देऊन मोकळा होतो. 'त्यांचं सूत जुळलंय' म्हटलं की प्रेम आहेच. 'त्यांचं जमलंय' म्हटलं की पुढचा प्रश्न थेट लग्न कधी, हा. 'गट्टी' म्हटलं की निव्वळ मैत्री. मेतकुटात मैत्रीबरोबर थोडी कुजबुज येते, आणि गूळपिठात तर दोघांनी मिळून काहीतरी शिजवल्याचा वास येतो. 'केमिस्ट्री' मात्र नात्याचं नाव सांगत नाही. दोन माणसं समोर आली की काहीतरी घडतं आणि ते बघणाऱ्याला जाणवतं, एवढंच तो शब्द सांगतो. एक्स-फाइल्सच्या चाहत्यांचा सगळा वाद 'हे जे जाणवतं ते नक्की काय आहे' यावरच उभा आहे. म्हणून त्या वादाचं वर्णन करताना 'सूत जुळलं' लिहिणं म्हणजे नकळत एका पक्षाला जाऊन मिळणं.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगते. 1993 साली अमेरिकेत ती सुरू झाली आणि पहिल्या फेरीत 2002 पर्यंत चालली. फॉक्स मल्डर हा एफबीआयचा अधिकारी. परग्रहवासी आणि अद्भुत घटना यांवर त्याचा विश्वास. डेना स्कली डॉक्टर, विज्ञाननिष्ठ. मल्डरचं काम शास्त्राच्या कसोटीवर तपासायला वरिष्ठांनी तिला त्याच्या तळघरातल्या कचेरीत धाडलेलं. भूमिका डेव्हिड डुकॉव्हनी आणि जिलियन अँडरसन यांच्या. मालिकेचे कर्ते क्रिस कार्टर यांनी या दोघांत प्रेमप्रकरण आणायचं नाही असं सुरुवातीला ठरवलं होतं. प्रेक्षकांतल्या मोठ्या गटाला मात्र पडद्यावर वेगळंच दिसत होतं.

काय दिसत होतं, याचा नमुना म्हणून पहिल्याच पर्वातला, 1994 मधला, 'टूम्स' हा भाग घ्या. मल्डर रात्री गाडीत बसून एका संशयितावर पाळत ठेवतो आहे. स्कली त्याच्यासाठी खायला घेऊन येते, त्याला घरी जाऊन झोप म्हणते आणि बोलता बोलता त्याला 'फॉक्स' अशी हाक मारते. तो हसतो आणि सांगतो की मी आईवडिलांनासुद्धा मला मल्डरच म्हणायला लावलं आहे. ती लगेच 'मल्डर'वर येते आणि सांगते की तुझ्याखेरीज दुसऱ्या कुणासाठी मी स्वतःला असं पणाला लावलं नसतं. त्यावर तो म्हणतो, त्या पिशवीत आइस्ड टी असेल तर हे प्रेमही असू शकेल. ती पिशवीतून काढते ते रूट बिअर, म्हणजे एक गोड शीतपेय. झालं! एका गटाला यात कबुली दिसली, दुसऱ्याला दोन सहकाऱ्यांमधला मोकळेपणा. दोघांकडे पुरावा तोच.

मला इथे आपल्या रसचर्चेची फार आठवण होते. 'नाट्यशास्त्र' लिहिणाऱ्या भरताने भाव आणि अनुभाव वेगळे ठेवले. मनातला भाव दिसत नाही. दिसतात ते अनुभाव, म्हणजे नजर, हालचाल, आवाजातला बदल, अंगावरचा रोमांच. सगळे चाहते अनुभावांवर एकमत आहेत: ती त्याच्याकडे अशी बघते, तो तिच्या पाठीवर हात ठेवून तिला दारातून पुढे जाऊ देतो, हे कुणीच नाकारत नाही. भांडण स्थायीभावाचं, म्हणजे त्यामागच्या मूळ भावनेचं आहे. 'केमिस्ट्री' हा शब्द अनुभावांच्या पातळीवरच थांबतो, त्यामुळे तो दोन्ही बाजूंना चालतो.

कुणी 'पूर्वराग' सुचवेल. 'साहित्यदर्पण' या संस्कृत ग्रंथात विप्रलंभ शृंगाराचे, म्हणजे विरहातल्या प्रेमाचे, जे चार प्रकार सांगितले आहेत, त्यातला तो पहिला: पाहून किंवा ऐकून प्रेम जडलेलं, पण मीलन अजून नाही. शब्द देखणा आहे आणि शिपर मंडळींच्या हाती अगदी शोभेल. पण पूर्वरागात प्रेम गृहीत असतं, म्हणून वादाच्या तटस्थ वर्णनाला तो उपयोगी नाही. 1998 च्या चित्रपटात मल्डरच्या फ्लॅटबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दोघं एकमेकांच्या अगदी जवळ येतात आणि ऐन क्षणी स्कलीला मधमाशी चावते. त्या प्रसंगाबद्दल लिहिताना मी पूर्वराग नक्की वापरेन. पहिल्या पर्वाबद्दल लिहिताना नाही.

आता 'शिपर'. हा शब्द 'रिलेशनशिप'चं शेपूट तोडून तयार झाला, आणि 1990 च्या दशकाच्या मध्याला तो रुजवला तो याच मालिकेच्या चाहत्यांनी. आधी 'रिलेशनशिपर', मग नुसतं 'शिपर'. विरोधकांनी 'नो रोमान्स' आखडून स्वतःला 'नोरोमो' म्हणवून घेतलं. चाहत्यांनी जोड्या जुळवणं त्याआधीचं आहे. 'स्टार ट्रेक' या विज्ञानकथा मालिकेच्या चाहत्यांनी 1970 च्या दशकात तिच्यातल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा लिहिल्या आणि त्या ओळखता याव्यात म्हणून दोन नावांमध्ये तिरकी रेघ घातली. त्या रेघेवरूनच 'स्लॅश' हे नाव पडलं. (मराठीतलं संयोगचिन्ह याबाबतीत फार समंजस आहे. नवरा-बायको, राम-लक्ष्मण, मल्डर-स्कली: नातं कुठलंही असो, ते फक्त जोडतं.)

देवनागरीत 'शिपिंग' लिहिलं की मराठी वाचकाला आधी पार्सलचा खर्च आठवतो, म्हणून तो शब्द मी टाळेन. क्रियापदासाठी 'जोडी लावणं' छान आहे. वर्गातल्या दोघांच्या जोड्या लावणं, एकाला दुसरीच्या नावाने चिडवणं हे आपण शाळेपासून ओळखतो, आणि परीक्षेतल्या 'जोड्या लावा'मुळे तो शब्दप्रयोग पक्का बसलेला आहे. त्यावरून शिपर म्हणजे 'जोडीवाले' आणि नोरोमो म्हणजे 'मैत्रीवाले'. 'मी त्यांना शिप करते' याचं मराठी मात्र सरळ वाक्यात करा: 'ही दोघं एकत्र यावीत असं मला फार वाटतं.'

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण संवाद मराठीत आणणार असाल तर ती 'केमिस्ट्री'पेक्षा महत्त्वाची ठरेल. इंग्रजीतलं 'यू' काहीच सांगत नाही. आपल्याला तू आणि तुम्ही यांतून निवडावं लागतं. स्कलीने 'मल्डर, तुम्ही' म्हटलं तर कचेरीतला औपचारिकपणा सात-आठ वर्षं हटत नाही आणि जोडीवाल्यांचा पाया ढासळतो. 'फॉक्स, तू' म्हटलं तर मैत्रीवाले पहिल्याच भागात हरले. यावर आपल्या कॉलेजांत आणि कचेऱ्यांत रोज ऐकू येणारा तोडगा आहे: आडनाव आणि एकेरी. 'देशपांडे, तू पुढे हो, मी आलेच.' असं बोलणारी दोघं जिवलग मित्र असू शकतात, नुसते सहकारी असू शकतात, आणि पुढे त्यांचं लग्नही होऊ शकतं; ऐकणाऱ्याला छातीठोकपणे काहीच सांगता येत नाही. तेव्हा 'मल्डर, तू' आणि 'स्कली, तू' हेच ठेवा, आणि 'अरे', 'अगं' हाताशी असूनही जपून, मोजक्या प्रसंगी वापरा.