पट्टी १८ दाखवते, पण ओढा वाहत नाही

प्रश्न : शाळेमागच्या ओढ्यावर मोरीच्या भिंतीला आम्ही सेंटिमीटरची पट्टी रंगवली आहे. मुलं रोज सकाळी आकडा वहीत लिहितात. दिवाळीनंतर ओढा वाहायचा थांबला, तरी मोरीखाली साचलेल्या पाण्यामुळे पट्टी १८ दाखवते. वहीत १८ लिहायचे की शून्य? आणि पाणी किती वाहिलं हे त्यावरून कसं काढायचं?
— एक शिक्षिका, हातकणंगले तालुका

उत्तर : बाई, दोन्ही लिहा. उंची १८, प्रवाह शून्य.

पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ म्हणजे धोका, हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही पाठ असतं. त्यामुळे पट्टीचा आकडा म्हणजेच पाणी, असं आपल्या डोक्यात बसलंय. पंचगंगेला ते चालून जातं. तुमच्या ओढ्याला नाही.

डबक्यातून पाणी खाली उतरतं तिथला उंचवटा शोधा. गवंडी वापरतात त्या पाण्याच्या नळीने त्याची पातळी मोरीच्या पट्टीवर आणा. समजा ती २० वर आली, तर २० च्या खाली सगळं नुसतं साचलेलं. पावसाळ्यात गाळ आला, दगड सरकले की हा आकडा बदलतो, म्हणून दर वर्षी पुन्हा घ्या. वहीत एक रकानाही वाढवा : वाहतो, साचलाय, कोरडा. कोरड्या दिवशीही पान रिकामं सोडू नका. शून्य ही नोंद आहे, रिकामी जागा म्हणजे कोणी गेलंच नाही. अमेरिकेत कॅन्ससच्या गवताळ माळावर किंग्ज क्रीक नावाचा असाच मधूनमधून आटणारा ओढा आहे. १९७९ पासून त्याचा प्रवाह नोंदला जातोय, आणि त्यात शून्याचे दिवसही येतात. ओढा कधी सुटला आणि कधी थांबला, या दोन तारखा मला तरी पुराच्या आकड्याहून मोलाच्या वाटतात. विहिरींची पातळी त्यांच्याशी ताडून बघा.

आता किती वाहिलं ते. सरळ दहा मीटरचा पट्टा घ्या, लिंबू सोडा, वेळ मोजा. समजा २५ सेकंद लागले, वेग सेकंदाला ०.४ मीटर. वरचं पाणी तळापेक्षा जोरात पळतं, म्हणून ०.८५ ने गुणा. मग रुंदी आणि खोलीने गुणा. रुंदी १.२ मीटर आणि सरासरी खोली १५ सेंटिमीटर असेल तर सेकंदाला साधारण ६१ लिटर, म्हणजे दोन क्युसेकच्या (सेकंदाला दोन घनफुटांच्या) थोडं वर. राधानगरी धरणाच्या एका स्वयंचलित दरवाजातून १४२८ क्युसेक सुटतात म्हणून हसू नका, ओढ्याला दोन पुष्कळ झाले.

धार बारीक झाली की लिंबू अडकतं. मग पत्र्याला इंग्रजी V सारखी ९० अंशाची खाच कापून तो आडवा रोवा, खालून-बाजूने चिकणमाती ठासा. खाचेत ५ सेंटिमीटर पाणी असेल तर सेकंदाला पाऊण लिटर, १० असेल तर सुमारे ४.४. उंची दुप्पट, पाणी साडेपाच पट. म्हणून उंची काटेकोर घ्या, आणि खाचेवर नव्हे तर थोडं अलीकडे, पाणी येतं त्या बाजूला. खाचेजवळ पाणी खाली वाकतं. त्याहून बारीक धारेला बादली आणि मोबाइलचं घड्याळ पुरे.

प्रत्येक मापाशेजारी त्या वेळचा पट्टीचा आकडा लिहा. अशा जोड्या जमल्या की आलेख काढा, मग पट्टी बघून प्रवाह सांगता येईल. मात्र वळवाचं पाणी दुपारी येऊन संध्याकाळपर्यंत उतरतं, सकाळच्या वाचनात ते सापडत नाही. त्या दिवशी काठावरूनच पट्टी वाचा आणि वेळ लिहा. पाण्यात कोणी उतरायचं नाही.