दोन वर्षं फेब्रुवारीपासून मोजू नका

साताऱ्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. २०१५ साली त्यांनी मुंबईत स्तनांमध्ये सिलिकॉनची इम्प्लांट बसवून घेतली. २०२१ पासून डावी बाजू कडक व्हायला लागली. सर्जन म्हणाले, मसाज करा, बसेल. १९ ऑगस्ट २०२३ च्या सोनोग्राफीत ‘डावं इम्प्लांट आतल्या आत फाटल्याची दाट शंका’ असं लिहून आलं. यंदा फेब्रुवारीत त्यांनी पुण्यात दुसऱ्या सर्जनकडून दोन्ही काढून टाकली. आता त्वचा सैल आहे, डावीकडे खळगा पडलाय, मध्येच पाणी साठतं. पहिल्या डॉक्टरांकडून भरपाई हवी आहे. ‘काढल्यानंतर पुढे काय काय धरून चालू?’ असं विचारून शेवटी लिहितात, ‘ऑपरेशन फेब्रुवारी २०२५ ला झालं, म्हणजे २०२७ पर्यंत वेळ आहे. गणपती झाले की निवांत वकील गाठते.’

ताई, गणपती यंदा २७ ऑगस्टला बसतायत. ग्राहक आयोगात तक्रार करायची तुमची मुदत त्याआधी संपते.

अशी पत्रं मला वरचेवर येतात. कधी गुडघ्याचा सांधा असतो, कधी दाताचं रोपण, कधी गर्भाशयाचं ऑपरेशन. चूक मात्र एकच. शेवटचं ऑपरेशन झालं तिथून लोक दोन वर्षं मोजतात. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ दोन वर्षं देतं ती ‘तक्रारीस कारण घडलं’ त्या दिवसापासून. तुमच्या बाबतीत तो दिवस कोणता, यावर सगळं प्रकरण उभं आहे किंवा आडवं. डॉक्टर चुकले की नाही हा प्रश्न नंतरचा.

कलम ६९ कसं वाचायचं हे सांगणारा, जुन्या कायद्यातल्या अशाच मुदतीवरचा एक निकाल आहे. गोव्यातल्या सरकारी रुग्णालयातल्या एका परिचारिकेचं १९९३ साली मुंबईत पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. पुढे नऊ वर्षं पोटात दुखत राहिलं, बाई वेदनाशामक गोळ्या घेत राहिल्या. २००२ साली दुसऱ्यांदा पोट उघडलं तेव्हा आत राहिलेली गॉज (रक्त टिपायची जाळीदार पट्टी) निघाली. तक्रार २००४ मध्ये दाखल झाली, म्हणजे गॉज सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत. तरी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१० मध्ये ती मुदतबाह्य ठरवली. न्यायालयाचं म्हणणं असं: इजा उघड दिसत असेल तर मुदत त्याच दिवशी सुरू होते. लपलेली असेल तर ती कळली त्या दिवशी, किंवा नीट लक्ष घातलं असतं तर कळू शकली असती त्या दिवशी. स्वतः परिचारिका असून नऊ वर्षांत एकदाही त्या डॉक्टरांना विचारलं नाही, हे बाईंच्या अंगाशी आलं. गॉज पोटातून निघूनही हे झालं, हेही ध्यानात घ्या.

आता तुमचा कागद बघा. इम्प्लांट फाटल्याची शंका तुम्हाला १९ ऑगस्ट २०२३ ला लेखी कळली. फेब्रुवारीत सर्जनने आत जे पाहिलं त्याने शंकेवर शिक्कामोर्तब झालं, एवढंच. ‘खात्री फेब्रुवारीत झाली’ असा युक्तिवाद करता येईल, मी असतो तर केलाही असता, पण त्याच्या भरवशावर वेळ काढला नसता. समोरचा वकील तर आणखी मागे जाईल. म्हणेल, कडकपणा २०२१ पासून होता, तेव्हाच तपासायचं होतं. त्याला उत्तर तुमच्याकडे आहे. इम्प्लांटभोवती शरीर तयार करतं ते आवरण आकसून कडक होणं वेगळं आणि इम्प्लांट फाटणं वेगळं, आणि ‘मसाज करा’ हे त्यांच्याच डॉक्टरने सांगितलं होतं. ते केसपेपरवर लिहिलेलं असेल तर तो कागद जपा. नुसतं तोंडी असेल तर बोलणं अवघड.

म्हणून दोन वर्षं १९ ऑगस्ट २०२३ पासून धरा. मी हे ४ जुलै २०२५ ला लिहितोय. १५ ऑगस्टला सुट्टी, १६ ला दहीहंडी, १७ ला रविवार. उरलेल्या शेवटच्या एक-दोन दिवसांवर विसंबू नका, खरी तारीख धरा गुरुवार, १४ ऑगस्ट. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन करता येते, पण त्रुटी काढून परत आली तर दुरुस्तीला हातात दिवस हवेत. सोबत कलम ६९(२) खाली विलंब माफीचा अर्ज आणि शपथपत्र जोडाच, समोरच्याने २०२१ धरला तर निदान ते पाठीशी असेल.

डॉक्टरांना पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजांचे सव्वीस स्क्रीनशॉट तुम्ही पाठवलेत. त्यांतल्या एकाही मेसेजने मुदत एका दिवसाने वाढलेली नाही. वकिलाची नोटीस पाठवली तरी वाढत नाही. लोक नोटिशीच्या उत्तराची वाट बघत सहा महिने घालवतात आणि मग माझ्याकडे येतात.

दुसरी गोष्ट लिहिताना मला राग आवरावा लागतोय. पुण्याच्या सर्जनने काढलेली इम्प्लांट डबीत घालून दाखवली, तुम्हाला बघवलं नाही, म्हणून ‘नको’ म्हणालात. माणूस म्हणून समजतं. पण बऱ्याच इम्प्लांटच्या मागच्या बाजूला कंपनीची खूण, आकार, क्रमांक असतो. २०१५ चं कार्ड घर बदलताना हरवलं असं तुम्हीच लिहिता. डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं ठेवाव्यात एवढंच २००२ चे वैद्यकीय आचारसंहितेचे नियम सांगतात, म्हणजे मुंबईचे डॉक्टर ‘फाइल नष्ट केली’ म्हणून मोकळे होऊ शकतात. डबीतला तो तुकडा हा तुमचा पहिल्या क्रमांकाचा साक्षीदार होता, आणि तो कचऱ्याच्या पिशवीत गेला.

राहिलेलं वाचवा. पुण्याच्या रुग्णालयाला आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. त्याच नियमांप्रमाणे नोंदी ७२ तासांत द्याव्या लागतात. नुसतं डिस्चार्ज कार्ड नको. ऑपरेशन नोट हवी, कारण फाटलेलं होतं का, जेल बाहेर आलं होतं का, आवरण पूर्ण काढलं की थोडं ठेवलं, हे तिथेच सापडतं. टेबलावर काढलेले फोटो मागा. आवरणाचा तुकडा पॅथॉलॉजीला गेला असेल तर रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉकही मागा. नोटमध्ये इम्प्लांटचा क्रमांक लिहिलेला निघाला तर तुमचं नशीब.

क्रमांकाला एवढं महत्त्व का? जुलै २०१९ मध्ये अॅलर्गन कंपनीने एफडीए या अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सांगण्यावरून बायोसेल नावाच्या खरखरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून मागे घेतली. त्यांचा एका दुर्मीळ लिम्फोमाशी, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाशी, संबंध दिसला होता. तुमची कोणती होती ते तुम्हालाच माहीत नाही. कळलं तर कंपनीला किंवा आयातदाराला पक्षकार करायचं का, हे ठरवता येईल. नव्या कायद्यातलं उत्पादन दायित्वाचं (सदोष मालाबद्दल कंपनीच्या जबाबदारीचं) प्रकरण जुलै २०२० पासून लागू झालं आणि तुमची खरेदी २०१५ ची, त्यामुळे त्यावर वाद होईल.

डॉक्टरांची चूक सिद्ध होईल का, यावर मी हात राखून बोलतो. इम्प्लांट आयुष्यभर टिकत नाही, फाटणं ही ज्ञात शक्यता आहे, नुसतं फाटलं म्हणून हलगर्जी ठरत नाही. तुमची बाजू जास्त भक्कम दिसते ती दोन ठिकाणी. २०१५ च्या संमतीपत्रात ‘पुढे कधीतरी काढावी किंवा बदलावी लागतील’ असं सांगितलं होतं का? आणि २०२१ मध्ये तपासणीला पाठवलं का नाही? पुरेशी माहिती देऊन घेतलेली संमतीच खरी, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलंय. संमतीपत्राची प्रत तुमच्याकडे नाही. तीही मागा, नकार मिळाला तर नकारही लेखी घ्या.

खळगा आणि सैल त्वचा यांचे फोटो दर महिन्याला तारखेसह काढा, त्याच खोलीत, त्याच उजेडात. काढल्यानंतर सूज उतरून आकार स्थिरावायला महिने लागतात. पहिल्या पंधरवड्यातला काळानिळा फोटो आयोगापुढे कायमच्या विद्रूपतेचा पुरावा म्हणून चालत नाही, समोरचे हसतात. पुढचे फोटो आणि खर्चाची बिलं पुराव्याच्या शपथपत्राबरोबर देता येतील. त्यासाठी तक्रार थांबवू नका.

तुम्ही राहता तिथेच दाखल करा, सातारा जिल्हा आयोगात. मुंबईला खेटे घालायची गरज नाही. मोबदला दीड लाख दिला होता म्हणता, पाच लाखांपर्यंत शुल्कही नाही. निकाल मात्र लवकर येईल असं धरू नका. कायदा तीन महिने म्हणतो. माझ्याकडे अशा फाइली आहेत ज्यांच्या कडा पिवळ्या पडल्या. कधी अध्यक्ष असतात तर सदस्य नसतात, सदस्य येतात तेव्हा पुढची तारीख दिवाळीनंतरची मिळते. मधल्या काळात मुंबईचे डॉक्टर ‘फुकट दुरुस्त करून देतो’ म्हणतील. सर्व हक्क सोडल्याच्या कागदावर सही करू नका.

विमा कंपनीने एप्रिलमध्ये ‘सौंदर्योपचार’ म्हणून दावा नाकारला त्याबद्दल थोडक्यात. त्या वगळणुकीतच अपवाद आहे: आरोग्याला थेट आणि तात्काळ धोका दूर करायला आवश्यक असलेली शस्त्रक्रिया, उपचार करणाऱ्या डॉक्टरने तसं प्रमाणित केलेलं असेल तर. पुण्याच्या सर्जनकडून ते प्रमाणपत्र घेऊन आधी कंपनीला लेखी तक्रार द्या. महिन्यात समाधान झालं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. तिथे नकारापासून एक वर्ष मिळतं, म्हणून हे काम ऑगस्टनंतर केलं तरी चालेल.

आणि डावीकडे साठणारं पाणी. काढल्यानंतर असं पाणी होऊ शकतं, पण पुन्हा पुन्हा होतंय तर या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. ते काढलं तर फेकू देऊ नका, पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. कोणती तपासणी करायची ते डॉक्टर ठरवतील. रिपोर्टची एक प्रत फाइलमध्ये. या वेळी ‘नको’ म्हणू नका.