सावली एकच, मग शेड की शॅडो?

कोथरूडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांची मुलगी सातवीत, मराठी माध्यमात. इंग्रजीच्या पेपरात 'म्हातारा झाडाच्या सावलीत बसला होता' याचं तिनं भाषांतर केलं, 'द ओल्ड मॅन वॉज सिटिंग इन द शॅडो ऑफ अ ट्री'. बाईंनी 'शॅडो'ला गोल केला, वर 'शेड' लिहिलं आणि अर्धा मार्क कापला. ताई विचारतात, घरातल्या डिक्शनरीत दोन्ही शब्दांपुढे 'सावली' एवढंच छापलंय, मग पोरीचं चुकलं कुठे?

ताई, तिनं व्याकरण मोडलेलं नाही. फक्त तिच्या मनातलं चित्र त्या शब्दातून नीट उभं राहत नाही. तिच्या डोळ्यांपुढे उन्हातून चालत आलेला, झाडाखाली जरा टेकलेला म्हातारा होता. 'शॅडो' म्हटलं की नजर जाते जमिनीवर पडलेल्या झाडाच्या काळ्या आकृतीकडे.

शॅडो म्हणजे आकृती. उजेडाच्या आड काहीतरी येतं आणि त्याचा आकार जमिनीवर नाहीतर भिंतीवर उमटतो. त्याला कडा असतात, तो लांबतो, आखडतो, आपल्याबरोबर चालतो. शॅडो नेहमी कुणाची तरी असते. शेड म्हणजे ऊन लागत नाही अशी जागा. तिच्या आकाराशी कुणाला देणंघेणं नसतं, गारव्याशी असतं. म्हणून शॅडो एक, दोन, चार अशा मोजता येतात, झाडाखालची शेड मोजत नाहीत. 'टू शेड्स' म्हटलंत तर ऐकणाऱ्याला रंगाच्या दुकानातल्या शेडकार्डावरच्या दोन छटा आठवतील.

एप्रिल-मेमध्ये आपल्या पुण्यात सिग्नलला बघा. दुचाकीवाले पांढऱ्या पट्टीच्या कितीतरी मागे, जिथे एखाद्या झाडाची सावली रस्त्यावर आली असेल तिथेच गाडी थांबवतात. त्यांना हवी असते ती शेड. आणि जो बिचारा पुढे उन्हात थांबलाय, त्याच्या हेल्मेटची गोल सावली डांबरावर पडलेली दिसते ती शॅडो.

हा फरक सगळ्यात स्वच्छ दिसतो तो मे महिन्याच्या 13-14 तारखेला. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या सुमाराला दुपारी साडेबाराच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि ताठ उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशीच जिरते. त्याला आपण 'झीरो शॅडो डे' म्हणतो, शून्य सावलीचा दिवस. 'झीरो शेड डे' म्हणून चालणार नाही, कारण त्याच मिनिटाला गच्चीवरून उतरून खालच्या आंब्याखाली गेलात तर शेड तिथे आहेच, चांगली गार. जुलैच्या अखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आपल्याकडे बहुतेकदा आभाळ भरलेलं असतं. म्हणून मेमध्येच लेकीला एकदा सरळसोट डबा घेऊन गच्चीवर न्या. डब्याची सावली नाहीशी होताना तिनं पाहिली, की हे दोन शब्द तिला वेगळे पाठ करावे लागणार नाहीत.

मराठीत शब्द एक असला तरी फरक आपण करतोच. तो क्रियापदातून आणि विभक्तीतून होतो. सावली पडते, हलते, लांबते, पाठ सोडत नाही, तेव्हा शॅडो. झाड सावली देतं, आपण सावलीत टेकतो, कढीपत्ता सावलीत वाळवतो, तेव्हा शेड. मुलीला सांगा, आधी मराठी वाक्याचं क्रियापद बघ आणि मग इंग्रजी शब्द निवड.

आता मला फार आवडणारी गोष्ट. हे दोन्ही शब्द मुळात एकच होते. जुन्या इंग्रजीत नामांना आपल्यासारख्या विभक्ती होत्या आणि विभक्ती लागताना शब्दाचं रूप बदलायचं, आपल्या 'पाणी'चं 'पाण्याला' होताना बदलतं तसं. त्या जुन्या शब्दाच्या मूळ रूपातून 'शेड' आला आणि सामान्यरूपातून 'शॅडो'. विभक्ती गळून गेल्या, पण दोन्ही रूपं टिकली आणि पुढे त्यांनी अर्थ वाटून घेतले. कुरणाला इंग्रजीत 'मेडो' म्हणतात आणि जुन्या कवितेत 'मीड', ती जोडीही अशीच फुटलेली आहे. सामान्यरूप रोज वापरणाऱ्या मराठी माणसाला हे एका वाक्यात समजतं.

पार्किंगची पत्र्याची शेड मात्र वेगळी. इंग्रजीत तिचा उच्चार आखूड आहे, आपण देवनागरीत दोन्ही सारखेच लिहितो. कोशकार तीही बहुधा सावलीवाल्या शेडचंच बदललेलं रूप मानतात.

माझ्या मते घोटाळ्याची खरी जागा पुढे आहे. मराठीत सावली आणि छाया हे मायेचे शब्द आहेत. 'सरांच्या छायेत वाढलो', 'आईवडिलांची सावली' यांत कृतज्ञता असते. माझ्या भाच्यानं निवृत्त होणाऱ्या सरांना द्यायच्या कार्डावर मनापासून लिहिलं होतं, 'आय ग्रू अप इन युअर शॅडो'. इंग्रजीत त्याचा अर्थ निघतो, तुमच्या मोठेपणामुळे मी झाकोळून गेलो. कार्ड पाकिटात घालण्याआधी त्यानं दाखवलं म्हणून बरं. मग आम्ही दोघांनी मिळून 'अंडर युअर केअर' केलं. इंग्रजीत आसऱ्याची शॅडो नाहीच असं नाही. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये स्तोत्रकर्ता देवाला म्हणतो, तुझ्या पंखांच्या शॅडोखाली मला लपव. पण ती प्रार्थनेची जुनी भाषा झाली. आजच्या कार्डावर तो अर्थ पोचत नाही.

आणि एक वाक्य असं आहे जिथे चूक होऊन चालणारच नाही. आपल्या समाजात माणसाच्या सावलीचाही विटाळ मानला गेला. तिथे इंग्रजीत शॅडोच पाहिजे. शेड लिहिलं तर झाडाखालच्या जागेबद्दल बोलल्यासारखं होईल आणि ज्या माणसाची ती सावली होती तो माणूसच वाक्यातून निघून जाईल.

तर ताई, बाईंनी 'शेड' सुचवलं ते बरोबर आहे, तेवढं वहीत लिहून घ्यायला सांगा. अर्धा मार्क कापणं मला पटलेलं नाही. 'वॉज सिटिंग'सकट तिची वाक्यरचना नीट आहे, आणि त्या झाडाखाली म्हाताऱ्याऐवजी कुणाला दिसू नये म्हणून दबा धरलेला चोर असता, तर 'इन द शॅडो ऑफ अ ट्री' हेच लिहायला हवं होतं.