दियारबाकिरला येताय? कुर्दिश भाषेच्या मोर्चांबद्दल थोडं

ताई, यजमानांची नोकरी तुर्कस्तानच्या आग्नेयेतल्या कुर्दबहुल दियारबाकिरला ठरली, मे महिन्यात लेकीला घेऊन येताय, आणि तुम्ही विचारलंत की कुर्दिश भाषेसाठी मोर्चे निघतात म्हणे, त्याचा त्रास होईल का, आणि शिकायचं काय, तुर्की की कुर्दिश? सहा वर्षं इथे राहतेय, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मोर्चे बहुतेक दोन तारखांना निघतात. एक 21 फेब्रुवारी, मातृभाषा दिन. दुसरी 15 मे. 1932 साली त्या दिवशी दमास्कसला 'हावार' हे कुर्दिश नियतकालिक निघालं, म्हणून तो कुर्दिश भाषा दिन. म्हणजे तुम्ही आल्या आल्याच बघाल. पुढे पांढऱ्या ओढण्या घेतलेल्या आज्या, मागे पोरंटोरं, फलकावर 'बे झिमान झियान नाबे', म्हणजे भाषेविना जगणं नाही.

लांबून बघा, पण फलक हातात घेऊ नका. इथल्या 2911 क्रमांकाच्या कायद्याप्रमाणे परदेशी माणसाला मोर्चात फलक धरायचा किंवा बोलायचं असेल तर 48 तास आधी प्रशासनाला कळवावं लागतं. मोर्चाला बंदी असेल त्या दिवशी त्या चौकात जाऊच नका. इकामेत, म्हणजे राहण्याचा परवाना, धोक्यात येतो. हे सांगताना मला वाईट वाटतं, कारण त्यांचं मागणं रास्त आहे.

मागणं शाळेचं आहे. घटनेच्या 42 व्या कलमानुसार तुर्कीखेरीज कुठलीही भाषा मातृभाषा म्हणून शाळेत शिकवता येत नाही. 2012 पासून पाचवीपासून पुढे कुरमांजी किंवा झाझाकी, म्हणजे इकडची कुर्दांची दोन बोलीरूपं, ऐच्छिक विषय म्हणून घेता येतात, आठवड्याला दोन तास, तेही किमान दहा मुलं जमली तर. गणित, विज्ञान सगळं तुर्कीत. 1983 ते 1991 तर कुर्दिशवर कायद्यानेच बंदी होती. त्या काळात तुरुंगात मुलाला भेटायला गेलेल्या कित्येक आयांना तुर्की येत नसे आणि कुर्दिश बोलायची मुभा नव्हती. मुलाकडे नुसतं बघून त्या परत यायच्या. आज मोर्चात पुढे चालणाऱ्या आज्या त्याच पिढीच्या आहेत.

अगदी 2024 च्या उन्हाळ्यात इकडच्या काही नगरपालिकांनी रस्त्यावर तुर्कीसोबत कुर्दिशमध्ये 'पेशी पेया' रंगवलं, म्हणजे 'आधी पादचारी'. काही ठिकाणी ते पुसलं गेलं, मग लोकांनी पुन्हा रंगवलं. एवढ्या दोन शब्दांवरून!

शिकायचं तर आधी तुर्की. बँक, दवाखाना, लेकीची शाळा, सगळं त्याच भाषेत. पण जिन्यात, बाजारात कुर्दिशचे चार शब्द बोललात की समोरचा माणूस वेगळ्याच नजरेने बघतो. आमच्या शेजारच्या आजींनी पहिल्या दिवशी विचारलं, "नावे ते चि ये?" तुझं नाव काय? त्यातलं 'नाव' म्हणजे आपलं नावच! मी हरखून उत्तर द्यायचंच विसरले, नुसती "नाव, नाव" करत राहिले. आजी हसल्या, आणि तंदूरमधली गरम भाकरी हातावर ठेवून म्हणाल्या, "नान." लेकीला हे एक वाक्य येतानाच शिकवून आणा.