पक्षाची ‘विकासकामांची पुस्तिका’ कशी तपासायची?

प्रश्न असा आहे : करवीर तालुक्यातल्या एका गावात सत्ताधारी पक्षाचे कार्यकर्ते विकासकामांची पुस्तिका घरोघर वाटताहेत. गटारीपासून नळपाण्यापर्यंत सगळं त्यात आहे. यातलं पक्षाचं नेमकं किती, हे कसं ओळखायचं?

पुस्तिकेतल्या प्रत्येक कामापुढं आधी लेखाशीर्ष लिहा, म्हणजे पैसा कुठल्या खात्यातून आला ते. निम्मा उलगडा तिथंच होतो. १५व्या वित्त आयोगाचा (२०२०-२१ ते २०२५-२६) पैसा ठरलेल्या सूत्रानं आला. राज्यात त्याचा ८० टक्के वाटा ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. सत्तेत कुठला पक्ष आहे, यावर तो ठरत नव्हता. २०२१-२२ पासून त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच. त्यामुळं ‘गटारीला निधी खेचून आणला’ हा दावा तिथं टिकत नाही. गावच्या सत्ताधाऱ्यांचं श्रेय किंवा दोष एवढ्यातच, की आराखड्यात कुठलं काम घेतलं आणि पैसा वेळेत खर्च केला का. हे ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर दिसतं.

आमदार निधी, जिल्हा नियोजन समिती आणि ग्रामविकास विभागाचं २५१५ हे लेखाशीर्ष यांचं गणित वेगळं. इथं शिफारसपत्र आणि पाठपुरावा खरंच चालतो, त्यामुळं पक्षाचं काम मोजायचं ते इथं.

मग तारखा बघा : प्रशासकीय मान्यता, कार्यारंभ आदेश, काम पूर्ण झाल्याचा दाखला. काळम्मावाडी धरणातून कोल्हापूर शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईनच घ्या. मंजुरी काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळातली, पाणी शहरात आलं नोव्हेंबर २०२३ मध्ये. मध्ये सरकारं बदलत गेली. अशा कामाचं अख्खं श्रेय एकाच पक्षानं घेतलं की समजावं, तारखा झाकल्या आहेत. आणखी एक. मार्च २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्हा परिषदेची मुदत संपून प्रशासक आले. त्यानंतर लगेचच्या वर्षातलं काम ‘आमच्या जिल्हा परिषद सदस्यानं मंजूर केलं’ असं छापलं असेल तर मंजुरीची तारीख आवर्जून मागा; तेव्हा सभागृहच नव्हतं.

घरोघर नळ देणाऱ्या जलजीवन मिशनच्या कामात मात्र नुसत्या नळजोडण्यांचा आकडा बघून फसू नका. केंद्र-राज्याच्या निम्म्या-निम्म्या पैशातून चालणाऱ्या या योजनेचं माप आहे माणशी रोज ५५ लिटर. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, १५ लिटरची बादली धरली तर साधारण १८ बादल्या. हे माप मे महिन्यात, गावातल्या सगळ्यात उंचावरच्या, शेवटच्या घरी घ्या. टाकी आणि पाईप झाले तरी उन्हाळ्यात विहिरीचं पाणी पुरत नाही, किंवा पाणीपट्टी थकते, वीजबिल तुंबतं आणि मोटर बंद पडते. चरीसाठी उकरलेला रस्ता पूर्ववत केला का, तेही बघा. अंदाजपत्रकात त्याची रक्कम धरली असेल तर तो ठेकेदारानंच करायचा असतो.

काँक्रीट रस्त्याला मोजमाप पुस्तिका लागते, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेली सरकारी वही. ती माहिती अधिकारात मागा : १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘गावातील सर्व कामांची माहिती द्यावी’ असं लिहिलंत की अर्ज रेंगाळणारच. कामाचं नाव, वर्ष, आणि हव्या त्या कागदांची नावं लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. कागद जाडजूड असतील तर प्रती घेण्याआधी अभिलेख पाहणी मागा, म्हणजे कार्यालयात बसून मूळ कागद बघता येतात. पहिल्या तासाला शुल्क नाही. मग टेप घेऊन रस्त्यावर जा. मोजमाप पुस्तिकेत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद, १५ सेंटीमीटर जाड असेल तर ४५ घनमीटर काँक्रीट. प्रत्यक्ष जाडी १० भरली तर ३० च घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा गायब. पण कडेची जाडी बघून निकाल देऊ नका. कडेला फळी लावून जाडी बरोबर दाखवतात, मध्ये थर पातळ असतो. त्यासाठी कोअर चाचणीची, म्हणजे रस्त्यातून गोल नमुना कापून जाडी तपासण्याची मागणी करा.

लाडकी बहीणसारख्या योजनेत जुलै २०२४ पासूनचे महिना १५०० रुपये सरकारी तिजोरीतले. कार्यकर्त्यांचं काम २०२४ मध्ये अर्ज भरून देण्याचं होतं, आणि ते ज्यांनी मनापासून केलं त्यांना जरूर मानावं. राहिलेल्या पात्र बायकांसाठी कोण फिरतंय, ते बघा.

विरोधकांच्या ‘काहीच झालं नाही’ या पत्रकालाही हीच कसोटी लावा. आणि हे सगळं चावडीवर बोलून सोडू नका. ग्रामसभेच्या आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं (पूर्वीचे ग्रामसेवक) प्रश्न लेखी द्या, पोच घ्या, आणि सभेत उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यायला लावा.