भिंतीवर लघवी करणं शहरं कशी थांबवतात? देवाच्या टाइल्स लावू का?

तुम्ही लिहिलंय की सोसायटीच्या मागच्या कंपाउंडला रोज लोक उभे राहतात, 'येथे लघवी करू नये' लिहून झालं, गाढवाचं चित्र काढून झालं, आणि आता कमिटीत देवाच्या टाइल्स लावायचं घाटतंय, तर त्या लावाव्यात का आणि बाकीची शहरं काय करतात. टाइल्स प्लीज लावू नका. का ते सांगतो, जरा मोठं होईल उत्तर.

टाइल्सने काय होतं ते आपल्याकडच्या कुठल्याही जिन्यात बघा. गणपती, साईबाबा, क्रॉस, मक्का असं ओळीने लावलेलं असतं, बरोबर तेवढा भाग कोरडा राहतो आणि टाइल्स संपल्या की चार फुटांवर ओल सुरू. माणूस गेलेला नसतो, सरकलेला असतो. शिवाय ज्याला कळच सहन होत नाहीये तो अंधारात टाइल बघत नाही, मग तिथे घाण झाली की कोणाच्या तरी श्रद्धेचा प्रश्न होतो आणि सोसायटीच्या मागे उगाच भांडण लागतं. दिल्ली हायकोर्टात याच्यावर याचिका झाली होती, की लघवी थांबवायला भिंतीवर देवाचे फोटो लावणं हाच अपमान आहे, त्यावर बंदी आणा. डिसेंबर 2022 मध्ये कोर्टाने ती फेटाळली, म्हणजे कायद्याने तुम्हाला अडवणार कोणी नाही, पण मला स्वतःला ते पटत नाही. महापालिकेने करायचं काम आपण देवावर ढकलतो आणि देवालाच घाणीत उभं करतो.

आता बाहेरची शहरं. जर्मनीत हॅम्बुर्गमध्ये सांक्ट पाउली म्हणून बारचा एरिया आहे, शनिवार-रविवार दारू पिऊन आलेली गर्दी भिंतीवरच मोकळी व्हायची. तिथल्या लोकांनी 2015 मध्ये भिंतींना पाणी न धरणारा एक कोटिंगचा रंग लावला, त्याच्यावर धार पडली की ती उसळून परत बुटांवर आणि पँटवर येते, आणि सोबत बोर्ड लावले की इथे मुतू नका, आम्ही उलट मुततो. ते बघून त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोनेही काही भिंती रंगवून बघितल्या आणि पुढे लंडनच्या सोहो भागातही हाच रंग लागला. सिंगापूरने तर सरकारी बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये लघवी ओळखणारं यंत्र बसवलं होतं, आत कोणी केली की अलार्म वाजायचा आणि दरवाजे बंद व्हायचे, पोलीस येईपर्यंत माणूस आतच. लिफ्टच्या बाबतीत ते चाललं कारण लिफ्ट ही एक बंद पेटी आहे, आत कोण होतं यावर वाद नाही. भिंतीला असं कुलूप लावता येत नाही.

आपल्याकडे बेंगळुरूने 2020 मध्ये वेगळं केलं, लोक जिथे नेहमी उभे राहतात तिथे माणसाएवढे मोठे आरसे लावले आणि सोबत क्यूआर कोड, स्कॅन केला की जवळचं टॉयलेट कुठे ते कळावं. यातला आरसा बातम्यांत गाजला, पण मला त्यातला क्यूआर कोडच जास्त शहाणपणाचा वाटतो. मुंबईत 2014 मध्ये तोंड झाकलेली मुलं पिवळा टँकर घेऊन फिरत होती, रस्त्यावर लघवी करणाऱ्यावर पाण्याचा फवारा मारायची, तो व्हिडिओ खूप फिरला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला तो तेव्हाही आवडला नव्हता. ज्याच्या अंगावर पाणी पडलं तो बहुतेक कोणीतरी ड्रायव्हर, हमाल, नाहीतर फेरीवाला असणार, दिवसभर रस्त्यावर असणारा माणूस, त्याला भिजवून पाठवलं, ठीक आहे, पण दोन तासांनी त्याला परत लागणार, तेव्हा त्याने जायचं कुठे?

हे मी इतक्या कळकळीने लिहितोय कारण माझा भाऊ रिक्षा चालवतो. स्टँडवर लाइनीत असताना दहा मिनिटं बाजूला गेलं की नंबर जातो, परत मागे लागायचं. त्यांच्या स्टँडपासून जे जवळचं शौचालय आहे ते चालत बरंच लांब, रात्री नऊनंतर कुलूप, आणि दिवसाही पाणी असेल याची खात्री नाही. मागच्या भिंतीवर जाणं हे त्याला आवडतं म्हणून तो जातो असं नाहीये हो. डिलिव्हरीवाली पोरं, वॉचमन, ट्रकवाले, सगळ्यांचं तेच. आपण घरातून निघून ऑफिसात पोचणारी माणसं, आपल्याला दोन्हीकडे संडास आहे, म्हणून हा प्रश्न आपल्याला सवयीचा किंवा संस्काराचा वाटतो.

आणि संस्काराचा असता तर बायकांचं काय होतं ते बघा. रस्त्यावर दिवसभर काम करणाऱ्या बायका भिंतीवर जात नाहीत, म्हणून शहराला त्या दिसत नाहीत. त्या पाणी पीत नाहीत. भाजी विकणाऱ्या, सफाईचं काम करणाऱ्या, कुणालाही विचारा, दुपारपर्यंत घोटभर पाण्यावर काढतात आणि मग युरिन इन्फेक्शन. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र संडासाचे पैसे, या अन्यायावर मुंबईत 2011 पासून राइट टू पी चळवळ लढतेय. पुण्याच्या 'मिळून साऱ्याजणी' या बायकांच्या मासिकाच्या याचिकेवर मुंबई हायकोर्टाने डिसेंबर 2015 मध्ये राज्यातल्या सगळ्या महापालिकांना बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितलं. किती झाली ते तुम्ही तुमच्या शहरात मोजा. आणि हे फक्त आपल्याकडेच नाही, अॅमस्टरडॅमसारख्या शहरात पुरुषांसाठी रस्त्यावर 35 मुताऱ्या आणि बायकांना 3 अशी परिस्थिती होती, एका मुलीला 2015 मध्ये रात्री उघड्यावर बसल्याबद्दल दंड झाला, तिने तो कोर्टात नेला तर 2017 मध्ये जज म्हणाले की पुरुषांची मुतारी वापरायची. त्यावर बायका रस्त्यावर आल्या. पॅरिसनेही 2018 मध्ये फुटपाथवर लाल रंगाच्या उघड्या मुताऱ्या ठेवल्या, आत गवताचा पेंढा, वर फुलझाडं, नंतर त्याचं खत. कल्पना चांगली होती, पण पुन्हा फक्त पुरुषांसाठी आणि ऐन नदीकाठच्या रस्त्यावर, मग लोक भडकले, काहींनी त्यात सिमेंट ओतलं.

मग चालतं काय? माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं सॅन फ्रान्सिस्कोचंच आहे. रंग लावायच्या आधी, 2014 मध्ये, त्यांनी टेंडरलॉइन या गरीब भागात पिट स्टॉप नावाची टॉयलेट्स सुरू केली, वापर फुकट, आणि मुख्य म्हणजे तिथे पगारी माणूस बसलेला असतो. तो साफ ठेवतो, आत कोणी नशा करत बसलं तर दार वाजवतो, आणि यातले बरेच कामगार तुरुंगवास भोगून आलेले, त्यांना काम मिळालं. त्याने शहर चकाचक झालं असं नाही, बेघर लोकांचा प्रश्न तिथे फार मोठा आहे, पण बाईमाणूस आत जाऊ शकेल असं टॉयलेट रस्त्यावर उभं राहिलं ते त्या माणसामुळे. आपल्याला हे नवीन नाही खरं तर. बिंदेश्वर पाठकांनी 1970 मध्ये सुलभ सुरू केलं त्याच्यातही हेच होतं, दारात बसलेला माणूस. म्हणून अजूनही आपण कुठल्याही पैसे देऊन वापरायच्या संडासाला सुलभच म्हणतो. बांधून सोडून दिलेल्या मुतारीत सहा महिन्यांत पाय ठेवता येत नाही, मग लोक तिच्या बाहेरच्या भिंतीवर उभे राहतात, हे दृश्य तर सगळ्यांनी बघितलंय.

दंडाचं म्हणाल तर मुंबईत रस्त्यावर लघवीला 200 रुपये दंड ठरवलेला होता, महापालिकेने नेमलेले क्लीन-अप मार्शल पावत्या फाडायचे. दंड असावा, मी विरोधात नाही. पण शंभर पावलांवर उघडं, साफ, उजेड असलेलं टॉयलेट असताना जो भिंतीवर जातो त्याला करा, खुशाल करा. नसताना केलेला दंड म्हणजे गरिबाकडून वसुली.

आता तुमच्या भिंतीचं. आधी रोज संध्याकाळी दोन-चार दिवस बघा की येतं कोण आणि किती वाजता, स्टँडवाले आहेत की बारमधून निघालेले की बस थांब्यावरचे, कारण उपाय त्याच्यावर आहे. तिथे बंद पडलेली गाडी किंवा डेब्रिजचा ढीग असेल तर पहिला तो हलवा, आडोसा गेला की निम्मं काम होतं, आणि वर एक चांगला एलईडी लावा. भिंत भरपूर पाण्याने आणि साबणाने धुवा, एकदा नाही, सलग काही दिवस, कारण लघवीतला युरिया कुजून अमोनिया होतो आणि तो वास पुढच्या माणसाला सांगतो की जागा हीच. ओल्या लघवीवर थेट ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नका, अॅसिड आणि ब्लीच तर एकत्र अजिबात नको, विषारी वायू होतो, धुणारा माणूस आजारी पडेल. टाइल्सचे जे पैसे काढलेत ते या दिव्याला आणि धुण्याला वापरा. आणि भिंतीवर येणाऱ्यांपैकीच चार जणांच्या सह्या घेऊन, वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाला अर्ज द्या. त्यांची सही महत्त्वाची आहे, सोसायटीवाल्यांची तक्रार म्हणून तो अर्ज जायला नको. अर्जात फक्त 'शौचालय हवे' लिहू नका. जवळचं जे आहे ते रात्री किती वाजता बंद होतं, पाणी कधी नसतं, दिवा आहे का, बायकांकडून किती पैसे घेतात, असं एकेक लिहा, फोटो जोडा, पोच घ्या आणि महिन्याने माहिती अधिकारात विचारा की त्या अर्जाचं काय केलं.